पोटखराब अकरा गुंठे

काठीचं टोक मातीत रुतलं नाही. टक् असा आवाज झाला आणि ज्योत्स्नाच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक बारीकशी झिणझिणी चढत गेली. ती थांबली. चौतीस वर्षं ती जमिनी मोजत होती. आधी साखळीनं, मग प्लेन टेबलावर कागद ताणून, आणि आता या रोव्हरनं, ज्याच्या काठीवरचं पांढरं डबडं आकाशातल्या उपग्रहांकडून जागेचा नेमका ठाव विचारून घेतं. वऱ्हाडच्या काळ्या रानात काठी कधी वाजत नाही, हे तिच्या हातांना पाठ होतं. पावसाळ्यात ती घोटाभर आत जाते, उन्हाळ्यात भेगेत सटकते, आणि आता डिसेंबरात, वेचून झालेल्या कापसाच्या ओळींमधे, धस्स करून मऊ बसते. हा आवाज फरशीचा होता. परक्याच्या घरात चपलांनिशी शिरल्यावर येतो तसा. तिनं नकळत पाय मागे घेतला आणि आपण पाय मागे घेतला याचं तिला नवल वाटलं.

"मॅडम, तिथं काई नाई," बांधावरून कुलदीप म्हणाला. "काटे हायेत नुसते. सातबाऱ्यावर पोटखराब हाय ना ते, अकरा गुंठे. सोमवारी जेसीबी लावून राहिलो. साफ होते सारं." कुलदीप तिशी उलटलेला, अकोल्यात मोबाइलचं दुकान चालवणारा. बाळापूर रस्त्यालगतचं हे सहा एकर रान त्याच्या आजीच्या, दुर्गाबाईंच्या नावावर होतं आणि त्याला तिथं प्लॉट पाडायचे होते. मोजणीचा अर्ज त्यानंच दिला होता. ज्योत्स्ना हो म्हणाली, पण पुढच्या खुणेकडे निघाली नाही. पोटखराब. दिवसातून दहादा लिहिलेला शब्द. ज्यात पीक येत नाही ती जमीन; नाला, खदान, पायवाट, खडक. इतकी वर्षं लिहून या शब्दाकडे तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज वाटलं, काय शब्द आहे हा. जसं जमिनीनं काही गिळलंय आणि तिला ते पचवायचं नाही.

तिनं काठीनंच बाभळीच्या फांद्या बाजूला सारल्या. बाही फाटली. खाली गुडघाभर गवत, गवताखाली शेवाळ, आणि शेवाळाखाली एक आडवा दगड, एका बाजूनं खचलेला. बाटलीतलं पाणी तिनं त्याच्यावर ओतलं आणि ओढणीच्या टोकानं घासत राहिली. वरच्या दोन ओळी तिला न येणाऱ्या लिपीत होत्या. अक्षरं चौकोनी, छोट्या छोट्या दारा-खिडक्यांसारखी, प्रत्येकाची एकेक बाजू उघडी टाकलेली. खाली इंग्रजी किंवा उर्दू असेल असं धरून ती घासत होती, आणि बोटाखाली आलं ते ‘द’. मग ‘दी’. मग सगळं सरळ मराठी, जुन्या वळणाचं, कोरणाऱ्यानं हौसेनं शेपट्या काढलेलं. ‘दीना, रेलवे गार्ड इसाजी झिराडकर यांची कन्या. मरण ता. ४ नवंबर सन १९१८. वय वर्षे ९. मुलगी फार बोलकी होती.’

तिनं ते दोनदा वाचलं. मुलगी फार बोलकी होती. आणि तिथं, काट्यांत उकिडवी बसलेली, फाटक्या बाहीची, पुढच्या जूनमधे रिटायर होणारी ज्योत्स्ना तायडे हसली. मोठ्यानं नव्हे, पण हसलीच. दगडावर लोक लिहितात ते स्वर्गवासी, पुण्यात्मा, चिरशांती. इथं कुणा बापानं, जो मालगाडीच्या मागच्या डब्यात हिरवं-लाल निशाण घेऊन रात्रंदिवस एकटा बसत असेल, पाथरवटाला पुढ्यात बसवून सांगितलं होतं की हे लिही. आणि पाथरवटानं विचारलं असेल, नक्की का साहेब? अक्षरामागे मजुरी आहे. नक्की. लिही. तिला तो बाप दिसला. त्याचा चेहरा नाही. फक्त गप्प झालेल्या घरात शिरताना दाराशी थबकलेली त्याची पाठ. एकोणीसशे अठराचं साल म्हणजे मानमोडीचं. त्या तापात गावंच्या गावं रिकामी झाली असं तिचा आजा सांगायचा. ती उठली आणि फांद्या सारत पुढं गेली. दुसरा दगड, तिसरा, एक उभा, दोन फुटलेले. साल तेच, महिना तोच, पाच-सहांवर. नावं मराठी नव्हती आणि आडनावं कोकणातली होती. आणि मोजणीवाल्याच्या डोळ्याला पहिल्यांदा दिसतं ते तिला शेवटी दिसलं: सगळे दगड एकाच दिशेला होते, पश्चिमेला, एक अंशही न चुकता. ज्यांनी ते बसवले त्यांनी मोजून बसवले होते.

"त्या लोकाईले मोजू नको व माय."

काठी टेकत एक म्हातारी बांधावर येऊन उभी होती. नऊवारी, डोक्यावर पदर, चेहरा उन्हात वाळवलेल्या आंब्याच्या फोडीसारखा. कुलदीप म्हणाला, "आजी, तू कायले आली?" म्हणजे याच दुर्गाबाई. त्यांनी नातवाकडं पाहिलंही नाही.

"कोन हायेत हे?" ज्योत्स्नानं विचारलं. शेतात आली की तिच्या तोंडून कार्यालयातली भाषा आपोआप गळून पडायची.

"मले का मालूम," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी लगन होऊन आली तवा माहे सासरे, किसनराव, म्हने का हे पाहुने हायेत. दूरचे. याइच्या अंगावरून नांगर न्यायचा नाई. साल-दोन साल आड एक टोपीवाला बुवा ये ममईहून. निंदन करून घे, हात धुये, चहा पेये, आन जाये. मंग येनं बंद झालं. मी करत होती जमन तवरिक. आता गुडघे गेले. बारा सालांत हे बाभूळ माजली." मग खाली पाहत, "शरम वाट्टे."

ही शरम ज्योत्स्नाला परतीच्या पॅसेंजरमधे भेटली. ती रोज अमरावतीहून अकोल्याला अप-डाऊन करायची. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला आणि उलट. खिडकीबाहेर तुरी पिवळ्या पडत होत्या. ओळख ना पाळख, कुठल्या देशाचे, कुठल्या धर्माचे, त्यांच्या कबरीवर गवत वाढलं म्हणून एका ऐंशी वर्षांच्या बाईला लाज वाटत होती. आणि आपण? पिंटू, तिचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा होता. ती नऊची. धामणगाव रेल्वेला त्यांचं घर स्टेशनामागच्या वस्तीत होतं आणि बाबा धान्याच्या अडतीत हमाल होते. पिंटूला दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याला धोतरात गुंडाळून नाल्याकडं नेलं. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. बायामाणसांनी जायचं नसतं. ती दारात उभी राहून बाबांच्या पाठीकडं बघत होती. पुढं एकदा, ती दहावी पास झाली त्या दिवशी, बाबा तिला तिथं घेऊन गेले होते. मोठ्या बाभळीपासून बावीस पावलं, पुलाकडं तोंड करून. बाबांनी पावलं मोजली, ती मागून चालली, आणि बाविसाव्या पावलावर दोघं नुसतीच उभी राहिली. पेढा बाबांनी खिशात आणला होता, तो जमिनीवर ठेवला. मग बाभूळ तुटली. नाला सरकला. पूल नवा झाला. ज्योत्स्नाला सरकारी नोकरी लागली, ती सगळ्या जिल्ह्याच्या हद्दी कायम करत फिरली, दोन भावांच्या भांडणात एक फुटासाठी उन्हात दिवस दिवस उभी राहिली, आणि आपला भाऊ कुठं आहे ते तिला सांगता येत नव्हतं. रोव्हर कितीही अचूक असला तरी त्याला सुरुवातीला एक माहीत असलेली खूण लागते.

ती त्या आठवड्यात रेकॉर्ड रूममधे बसली. आता सगळे नकाशे संगणकावर आहेत, पण त्यात शेऱ्याला रकाना नाही. जुने कापडी पाठीचे नकाशे लोखंडी रॅकवर नळकांड्यांसारखे निजलेले असतात. दोन दुपारी तिनं ते उलगडले. डबा खाल्ला नाही. धुळीनं शिंका येत होत्या आणि तिला मजा येत होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तीच जराशी चपापली. कामात मजा येणं तिला आठवेना. आणि तिसऱ्या नकाशाच्या कोपऱ्यात, लाल शाईत, कुणा जुन्या मोजणीदाराच्या घोटीव हस्ताक्षरात होतं: ‘पैकी गुंठे ११ यांत इस्राएल लोकांच्या कबरी १४. नांगर घालणे नाही.’ तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. इस्राएल लोक. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवार पाळणारे, हे तिनं कधीतरी कुठंतरी वाचलं होतं. रेल्वे आली, आणि रेल्वेबरोबर गार्ड, ओव्हरसियर, कंपाउंडर होऊन ते या काळ्या मातीत आले, आणि मानमोडी आली. तिला त्या मोजणीदाराशी हात मिळवावासा वाटला. साहेब, चौदाही आहेत. दोन फुटलेत, पण आहेत.

सोमवारी ती वेळेआधी पोचली. जेसीबी बांधावर उभा होता, ड्रायव्हर तंबाखू मळत होता. तिनं कुलदीपला नकाशाची नक्कल दाखवली आणि म्हणाली, ही हद्द मी वेगळी दाखवणार. कुलदीपचा चेहरा उतरला. "मॅडम, रस्ता तिथूनच जाऊन राहिला लेआउटचा. चार प्लॉट जातेत माहे. अन कोन येते इथं? शंभर साल झाले. कोनाले फरक पडते?" तो उद्धट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. कायद्याचं कलम सांगता आलं असतं. त्याऐवजी तिनं त्याला हाताला धरून, अगदी मोठ्या बहिणीसारखं, काट्यांतून आत नेलं आणि त्या दगडापाशी उभं केलं. "वाच." कुलदीपनं वाचलं. ओठ हलवत, शाळेतल्यासारखं. त्याचीही एक मुलगी होती, दुसरीतली, आणि मोजणीच्या पहिल्या दिवशी तिनं फोनवर बापाला इतका वेळ धरून ठेवलं होतं की ज्योत्स्नाला खुणांसाठी थांबावं लागलं होतं. हे दोघांनाही त्या क्षणी आठवलं असावं. मागून दुर्गाबाईंचा आवाज आला, "कागदावर सही माही लागते ना रे? मंग? रस्ता वाकव." कुलदीपनं मान खाजवली आणि ड्रायव्हरला हाक मारून सांगितलं, आज फक्त बाभळी काढायच्या, दगडाले हात लावायचा नाई, लांबूनच.

त्यानंतरचे तीन आठवडे ज्योत्स्नाला नंतर आठवायचे ते एखाद्या लग्नघरासारखे. मोजणी संपली होती, तिला तिथं जायचं कारण नव्हतं, तरी सुटीच्या दिवशी ती अमरावतीहून डबा घेऊन निघायची. मुलगी दामिनी पुण्याहून फोनवर विचारायची, आई, तुला काय झालंय? काही नाही, ती म्हणायची, निंदण करून राहिली. बाभळी गेल्यावर मधला कडुनिंब उघडा पडला आणि त्याच्या सावलीचा एवढा मोठा गोल जमिनीवर आला की दुर्गाबाई तिथं खाटच घेऊन आल्या. नारळाच्या शेंडीनं दगड घासायचे, साबण नको, पाण्यानंच. एकेक नाव वर यायचं: बेन्याजी, सिम्हाबाई, मुसाजी कंपाउंडर, लेआ. दुर्गाबाई खाटेवरून विचारत, "कोन निंघालं?" आणि नाव सांगितलं की मान डोलवत, जशी पाहुण्यांची पंगत बसते आहे आणि त्या दारात उभ्या राहून ओळख करून घेत आहेत. एका मंगळवारी कार्यालयात फोन वाजला. कुलदीप. धापा टाकत होता. "मॅडम, पंधरावा सापडला. निमाच्या मुळीखाली. तुमच्या नकाशात चौदाच हायेत ना? पंधरावा हाय." त्याच्या आवाजात असा काही तोरा होता की ज्योत्स्नाला त्या जुन्या मोजणीदाराच्या वतीनं थोडा मत्सर वाटला, आणि मग ती खुर्चीत मागे रेलून एकटीच हसत बसली. शेजारच्या टेबलावरच्या बाबूनं मान वर करून पाहिलं. तिनं त्याला पेढा द्यावा तसं सांगितलं, पंधरावा सापडला.

नावांची यादी दामिनीनं पुढं पाठवली होती. मैत्रिणीच्या ओळखीतून ठाण्याच्या कुणा ज्यू गृहस्थांना, त्यांनी आणखी कुणाला. जानेवारीत एका सकाळी, ज्योत्स्ना बडनेऱ्याच्या फलाटावर उभी असताना, अनोळखी नंबर आला. "मी हन्ना झिराडकर बोलते. हन्ना सिस्टर म्हणतात मला, नर्स होते मी. दीना माझी आत्या. म्हणजे झाली असती. मी जन्मायच्या आधी सव्वीस वर्षं गेली ती." पलीकडचा आवाज खणखणीत आणि घाईतला. "माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे. ते सांगायचे, अकोल्यात ताई आहे. आम्ही विचारायचो, अकोल्यात कुठे? तर म्हणायचे, गाडीतून उतरलं की उजव्या हाताला. इतकंच आठवायचं त्यांना. बाई, खरंच दगड आहे?" ज्योत्स्नाच्या समोरून गाडी आली आणि गेली. ती चढली नाही. "आहे," ती म्हणाली. "वाचून दाखवू?" आणि पाठच असलेल्या त्या चार ओळी तिनं फलाटावर उभ्याउभ्या म्हटल्या. मग हन्ना सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे सगळेच बोलके. गाडी कितीला पोचते अकोल्याला?"

त्या आल्या त्या एकट्या, एक्याऐंशी वर्षांच्या, चार फूट अकरा इंच, पांढऱ्या सुती साडीत, हातात स्टीलचा डबा आणि काखेत घडीचं स्टूल. भाऊ-बहिणी सगळे साठ-सत्तर सालांत इस्राएलला गेले. या मात्र आईसाठी राहिल्या, मग नोकरीसाठी, मग कशासाठीच नाही, नुसत्याच. रिक्षातून उतरून त्यांनी पंधरा दगड पाहिले आणि डोक्यावर पदर घेतला. "प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या, "ते काही मी आणलेले नाहीत. मी आपली बोलते." आणि स्टूल मांडून त्या दीनाच्या दगडाशेजारी बसल्या आणि खरोखरच बोलू लागल्या. कोण कोणाला झालं, कोणाचं लग्न कुठं जमलं आणि मोडलं, आजी किती वर्षं जगली, इस्राएलात अश्दोदला कोणाचं किराणा दुकान आहे, कोण मराठी विसरलं. शंभर वर्षांच्या बातम्या, मधेच हसत, मधेच डोळे टिपत, एखादीला माहेरी आल्यावर बसवून सांगाव्यात तशा. ज्योत्स्ना निंबाला टेकून उभी होती. तिला वाटलं, आपण इथं नसायला हवं. आणि लगेच वाटलं, आपण इथं आहोत हे किती बरं आहे.

मग हन्ना सिस्टर वाकून जमिनीवर काही शोधू लागल्या. "आमच्यात फुलं नाही वाहत. खडा ठेवायचा दगडावर. येऊन गेलो असं कळतं." पण काळ्या रानात खडा कुठला? ज्योत्स्नानं शोधलं, कुलदीपनं शोधलं. ढेकळं उचलली की बोटांत भुकटी व्हायची. "आमच्याकडं माती हाय बाई, गोटे नाई," दुर्गाबाई खाटेवरून अपराधी सुरात म्हणाल्या. शेवटी कुलदीपच्याच डोक्यात उजेड पडला. लेआउटच्या वाकवलेल्या रस्त्यासाठी आदल्या दिवशी गिट्टीचा ट्रक खाली झाला होता. तो घमेलं भरून गिट्टी घेऊन आला, निळसर, धारदार, ताजी फोडलेली. हन्ना सिस्टरांनी पंधराही जणांना एकेक दिली. सगळ्यांना, नात्यातले असोत नसोत. मग घमेल्यातून एक उचलून ज्योत्स्नापुढं धरली. "तुमचं कोणी?"

"भाऊ," ज्योत्स्ना म्हणाली. तिच्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की तिलाच ऐकू आलं नाही आधी. "पिंटू. चार वर्षांचा होता. पण तो इथं नाही. धामणगावला कुठंतरी... जागा सापडत नाही."

"मग इथे ठेवा. खड्याला पत्ता लागत नाही."

तिनं ती गिट्टी घेतली. दगड कुठल्या खाणीतला, कुठल्या क्रशरवरचा, काही माहीत नसलेला, तळहातात थंड. दीनाच्या दगडाच्या कडेला, हन्ना सिस्टरांच्या खड्याशेजारी, तिनं तो ठेवला. दोन पोरं, एक नऊचं, एक चारचं. ती बोलेल, तो ऐकेल. त्याला नाहीतरी फार बोलता येत नव्हतं. कितीतरी वर्षं छातीत आडवं बसलेलं काहीतरी हललं, आणि ते दुखलं नाही, हेच आश्चर्य. नुसतं मोकळं वाटलं, ओझं उतरवून बाबा अडतीबाहेर खांदे फिरवायचे तसं.

बाहेर येऊन सगळ्यांनी हात धुतले. हन्ना सिस्टरांनी तशी शिस्तच लावली. मग बांधावर, कबरींच्या हद्दीपलीकडं, डबा उघडला. ओले पोहे, त्यात खोवलेलं खोबरं, साखर, खजुराचे तुकडे, वर सफरचंदाच्या आणि केळ्याच्या चकत्या. "मलिदा," त्या म्हणाल्या. "नवस फेडायचा असला की करतो आम्ही. एलियाहू पैगंबराच्या नावानं."

"हा मलिदा?" दुर्गाबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "हे तं पोहे हायेत वो. मलिदा म्हंजे पोळी कुस्करून, गूळ घालून, तूप सोडून. दरग्यावर देतेत तो."

"तो वेगळा."

"वेगळा कसा? मलिदा म्हंजे मलिदा."

"बाई, अडीच हजार वर्षं झाली आम्हाला करत."

"पोहे घालून?"

हन्ना सिस्टरांनी त्यांच्या तळहातावर एक मूठ ठेवली. दुर्गाबाईंनी खाल्लं. दात नव्हते, त्यामुळं बराच वेळ लागला. सगळे वाट पाहत होते. "खजूर चांगला हाय," त्यांनी निकाल दिला, आणि दुसरी मूठ मागितली. कुलदीपनं तर निम्मा डबा संपवला. ऊन पाठीवर आलं होतं. तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळत होत्या आणि दोघी म्हाताऱ्या, एक मराठीच्या या टोकाची आणि एक त्या टोकाची, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या. ज्योत्स्ना ऐकत होती. चौतीस वर्षांत ती ज्या ज्या शेतात गेली होती तिथं भांडण आधी पोचलेलं असायचं. सोबत कधी पोलीस, कधी वकील. खूण ठोकली की एका बाजूला शिव्या. मोजणीच्या दिवशी बांधावर बसून कोणी गोड खाल्लेलं तिनं पाहिलं नव्हतं.

"तुम्ही मोजणीवाल्या ना?" हन्ना सिस्टर एकदम तिच्याकडं वळल्या. "इथे अजून जागा आहे?"

"अकरा गुंठ्यांत पंधरा," ज्योत्स्ना म्हणाली. "भरपूर."

"मग माझी मोजून ठेवा." त्या पोह्याचं शीत साडीवरून झटकत होत्या. "ठाण्याला आमच्या कबरस्तानात फार दाटी झाली आहे. आणि तिकडे माझ्या ओळखीचं कोणी राहिलं नाही. इथे घरचं माणूस आहे. शेजारपाजारही बरा दिसतोय."

कुलदीपनं चमकून आजीकडं पाहिलं. दुर्गाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. "निमाखाली नको घेऊ," त्या म्हणाल्या, "कावळे लय बसतेत. त्या आंगाले घे, सकायचं ऊन येते."

"ऊन मला काय करायचंय?"

"हिवाळ्यात पायजे बाई. मी सांगून राहिली ना."

शेवटी दोघी उठल्या, एकमेकींचा हात धरून, आणि जागा पाहत फिरू लागल्या, भाड्याचं घर पाहावं तशा. इकडं ओल आहे, तिकडं रस्ता जवळ पडतो. ज्योत्स्नानं पिशवीतून टेप काढली. रोव्हर आणलेला नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. दीनाच्या डाव्या हाताला, पश्चिमेकडं बरोबर सरळ, तिनं साडेसहा फूट लांबी घेतली, तीन फूट रुंदी. हन्ना सिस्टर म्हणाल्या, मी एवढी लांब नाही, उगाच जागा वाया. ज्योत्स्ना म्हणाली, राहू द्या, पाय ताणता येतील. कुलदीप चार खुंट्या घेऊन आला आणि ठोकू लागला. खुंटी मातीत धस्स करून गेली.

"पर घाई करू नको हो," दुर्गाबाई म्हणाल्या. "पयले हरभऱ्यावर ये. फेब्रुवारीत सोले निंघतेत. भाजी करतो तुले."

हन्ना सिस्टरांनी पर्स उघडली, छोटी डायरी काढली, पेनाचं टोपण दातानं उघडलं. "कोणत्या आठवड्यात? शनिवार सोडून सांगा."

ज्योत्स्ना खाली मांडी घालून बसली, वही गुडघ्यावर घेतली आणि चारही खुंट्यांचा कच्चा नकाशा काढला. उत्तरेचा बाण. लांबी, रुंदी. धारकाचं नाव: हन्ना झिराडकर. ताब्याच्या रकान्यापाशी ती क्षणभर थांबली, दोघींच्या तारखांचं वादावादीचं बोलणं ऐकत राहिली, आणि मग तिथं स्वच्छ अक्षरात लिहिलं: सवडीनं.